पंधराव्या वर्षापुढचे घर

मित्रांनो, पांगुळगाडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे एक चिमुकला लाकडी गाडा येत असेल. तीन चाके, एक आडवा दांडा आणि तो धरून दुडुदुडु चालणारे बाळ. बाळ चालायला लागले की तो गाडा माळ्यावर जातो. मी त्याच जातीचा आहे, पण माझा दांडा मोठ्या माणसाच्या छातीला लागतो. अनोळखी माणसे मला पाहून रस्त्यात थांबतात आणि हा कसला गाडा म्हणून विचारतात. मी एक जुना, उंच पांगुळगाडा आहे. मी इतका उंच कसा झालो आणि उंच होऊनही माळ्यावर का गेलो नाही, ते तुम्हांला सांगतो.

माझा जन्म कल्याणच्या खाडीकाठी झाला. तिथे काळुराम नावाचा सुतार मचवे बांधत असे. मुरबाडकडच्या रानातला साग बैलगाड्यांतून त्याच्याकडे येई आणि त्याचा मचवा होऊन पाण्यात उतरे. माझे लाकूडही मचव्यासाठीच आणलेले होते. पण त्यात एक मोठी गाठ निघाली, म्हणून काळुरामने ते बाजूला टाकून दिले होते.

एके दिवशी ठाण्याहून एक गृहस्थ त्याच्याकडे आले. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणे, काखेत छत्री.

"पांगुळगाडा करून हवा आहे," ते म्हणाले. "पाच वर्षांच्या मुलासाठी."

काळुरामने रंधा थांबवला. "पाच वर्सांचा पोऱ्या आजून चालत नाय?"

"नाही चालत. म्हणून तर गाडा हवा."

काळुरामने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि गाठीचे लाकूड पायाने जवळ ओढले. "गाठीचा लाकूड मजबूत असतो," तो म्हणाला.

त्याने मला सावकाश बनवले. बाभळीची चाके केली, त्यांना लोखंडी धाव चढवली. दोन्ही बाजूंना कोपर टेकायला रुंद पट्ट्या दिल्या, खाली पुढच्या अंगाला एक फळी बसवली. खांब मात्र खिळ्यांनी ठोकले नाहीत, खोबणीत बसवले. पोर वाढेल तेव्हा खांब बदलता यावेत, हे त्याचे त्यालाच सुचले. मग कौलांनी भरलेल्या एका मचव्यातून मी खाडीवाटे ठाण्याच्या बंदरावर आलो.

त्या गृहस्थांना सारे गाव भाऊ म्हणत असे. ते ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी देशावर मोठा दुष्काळ पडला होता. घाटावरची कुटुंबेच्या कुटुंबे कामाच्या शोधात ठाण्या-कल्याणला उतरली होती. पाऊसपाणी झाल्यावर बरीचशी परत गेली, पण काही मुले मागे राहिली. त्यांतल्या धडधाकट मुलांना कुणी ना कुणी घरात घेतले. ज्यांना चालता येत नव्हते, दिसत नव्हते, किंवा सांगितलेले समजत नव्हते, ती देवळाच्या पायऱ्यांवर उरली. भाऊंनी मासुंदा तळ्याजवळ एक कौलारू घर घेतले आणि त्या मुलांना तिथे ठेवले. चार सद्‌गृहस्थ पंच म्हणून सोबत घेतले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली म्हणून गावातल्या काहींनी नावे ठेवली. भाऊंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्या घराला लोक पोरांचे घर म्हणू लागले.

भाऊ घराचे मालक खरे, पण घर चालत होते आवडाबाईंवर. आवडाबाई खाडीकाठच्या आगरी वस्तीतल्या. नवरा गेल्यावर त्यांनी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यांच्या हातांत एवढे बळ होते की दोन काखांत दोन पोरे घेऊन त्या विहिरीपर्यंत सहज जात. आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. मला बंदरावरून घरी त्यांनीच आणले, डोक्यावर ठेवून.

आणि ज्याच्यासाठी मला बनवले तो मुलगा म्हणजे गोविंदा. त्याला लहानपणी ताप आला आणि तापाबरोबर पायांतली शक्ती गेली. तो घरात आला तेव्हा स्वतःचे नाव सांगत होता, बाकी काही त्याला माहीत नव्हते. त्याचे वय भाऊंनी ठरवले. आमच्या घरातल्या सगळ्याच मुलांची वये भाऊंनी दात बघून ठरवलेली होती. गोविंदाचे तोंड उघडून, आत नीट पाहून ते म्हणाले होते, "तीन वर्षांचा आहे."

"दोनचा हाय," आवडाबाई म्हणाल्या होत्या.

"आवडाबाई, दात पुरे आलेत त्याला."

"आमच्यात लवकर येतात."

"तो तुमच्यातला आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"आजपासून हाय की."

हा वाद पुढे दरवर्षी होत असे. त्याचे कारण एक नियम होता. पोरांच्या घरात पंधरा वर्षांपर्यंतच राहता येई. तो नियम भाऊंनीच केला होता, आणि तो दुष्टपणाने केला नव्हता. घरात खाटा आठ. दारात येणारी मुले त्याहून जास्त. भाऊ पंचांना म्हणत, "मोठी झालेली मुलं इथंच राहिली, तर लहानांनी जायचं कुठं?" हे त्यांचे म्हणणे कुणाला खोडता येत नसे. मोठ्यांनी कुठे जायचे, हा प्रश्न तेव्हा घरात मोठे कुणी नसल्यामुळे कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

गोविंदाने मला पहिल्यांदा धरले तेव्हा त्याचे हात घामाने ओले झाले होते. पहिल्या दिवशी तो दोनदा पडला. दुसऱ्या दिवशी त्याने मला मुद्दाम भिंतीवर आदळले, रागाने. पण पावसाळा संपेपर्यंत पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघे जाऊ लागलो. त्याचे पाय पावले टाकत नसत, ओढले जात. पण तो उभा असे, आणि उभे राहिल्यावर त्याला खिडकीतून तळे दिसे. "मावशी, पाण्यात म्हशी आहेत," असे तो रोज ओरडून सांगे, आणि आवडाबाई रोज नवल केल्यासारखे बघायला येत. गावातले एक डॉक्टर घर पाहायला आले होते. त्यांनी माझ्याभोवती फिरून मला सगळीकडून पाहिले आणि असा गाडा आपण कुठे पाहिला नाही म्हणाले. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

गोविंदा वाढला तसा काळुराम येऊन माझे खांब बदलून जाई. जुने काढी, लांब बसवी. असा मी उंच होत गेलो. घरात माझ्या उंचीची आणखी एकच होती, ती लक्ष्मी. लक्ष्मी अंगाने थोराड, पण समजेने चार-पाच वर्षांची. ती अखंड बोलत असे. कावळ्याशी, चुलीशी, माझ्याशीसुद्धा. लहान मुलांना माझ्या फळीवर बसवून ती मला अंगणभर ढकलत नेई. ते कुठे चालले आहेत असे कुणी विचारले तर म्हणे, "कल्याणला. मासळी घेऊन येतो."

लक्ष्मी पंधराची झाली. नियमाप्रमाणे भाऊंनी तिच्या नातेवाइकांचा शोध घेतला. शीळ गावात एक चुलता निघाला. तो बैलगाडी घेऊन आला. भाऊंनी तिला नवी लुगडी दिली, चुलत्याला चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या. लक्ष्मी गाडीत बसली आणि कल्याणला चालले, मासळी घेऊन येते, असे सगळ्यांना सांगून गेली. आवडाबाई त्या दिवशी मुलांवर उगाच खेकसत होत्या.

वर्षाने भाऊंना त्या बाजूला काम निघाले, तेव्हा ते वाट वाकडी करून शीळला गेले. परत आले ते सरळ पोरांच्या घरी आले आणि पडवीत माझ्याजवळ बसले. आवडाबाईंनी पाणी दिले. भांडे रिकामे करून भाऊ बोलले.

"मागल्या दारी बसली होती. केसांच्या जटा झाल्यात. चुलता वाईट नाही, आवडाबाई. दोन वेळा घालतो खायला. पण तिच्याशी कुणी बोलत नाही. आता तीही बोलत नाही."

"मंग घेऊन यायची व्हती."

"कुठं आणू? खाट कुठं आहे? आणि नियम एकीला एक आणि दुसऱ्याला एक, असा ठेवता येत नाही."

आवडाबाईंनी रिकामे भांडे उचलले आणि त्या आत गेल्या. भाऊ त्या दिवशी पोरांच्या पंगतीला थांबले नाहीत.

तेव्हापासून आवडाबाईंनी गोविंदाचे वय फार जपले. तो तेराचा झाला तेव्हा त्या अकराचा म्हणत. त्याच्या ओठावर काळी लव दिसू लागली, तेव्हा न्हाव्याला मागच्या दाराने बोलावून त्यांनी ती काढून टाकली. मग दर आठवड्याला न्हावी येऊ लागला. गोविंदाच्या गळ्यातून आवाज जाड येई, तर भाऊ आले की त्या त्याला म्हणत, "खोकला झालाय ना तुला, बोलू नको." गोविंदाला हे सगळे समजत होते. तो हसून गप्प बसे.

अशा दिवसांत डोंबिवलीहून एक बाई मुलाला पाठीशी बांधून आली. मुलाचे नाव रघु. सहा वर्षांचा असेल, पण पाय काडीसारखे, एक हातही वाकडा. त्याचा बाप वारला होता. बाई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबे, आणि मुलाला झोपडीत एकट्याला ठेवून जाणे भाग होते. एकदा ती परत आली तेव्हा चुलीतला निखारा त्याच्या चादरीवर पडलेला होता. चादर थोडीच जळली होती, पण ती बाई घाबरली ती तेव्हापासून.

भाऊ तिला म्हणाले, "खाट रिकामी झाली की लगेच घेतो. काही महिने थांबा."

"थांबते," ती म्हणाली. पण ती उठली नाही. ओट्यावर तशीच बसून राहिली. आवडाबाईंनी तिला भाकरी दिली, ती तिने मुलाला भरवली. मी पडवीत होतो आणि गोविंदा माझ्या दांड्यावर कोपरे टेकून उभा होता. तो किती तरी वेळ रघूच्या पायांकडे पाहत होता. मग त्याने मला ढकलत ओट्यापर्यंत नेले.

"भाऊ," तो म्हणाला, "मी पंधराचा झालोय. झाले असतील त्याला पण बरेच महिने. मावशी न्हाव्याला बोलावते, म्हणून तुम्हांला कळत नाही."

आवडाबाई म्हणाल्या, "काय पन बोलतंय पोर. ऐकू नका तुमी."

"मावशी, असू दे," गोविंदा म्हणाला. "माझी खाट ह्याला द्या."

मला वाटते, भाऊंना ते आधीच ठाऊक होते. पण आता ते उघड बोलले गेले होते, आणि बोलले गेल्यावर भाऊंना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. त्याच दिवशी रघु आत आला.

गोविंदाला नातेवाईक कुणी नव्हते. गावाबाहेर एक धर्मशाळा होती. म्हातारे, आजारी, भिक्षेकरी असे लोक तिथे राहत. भाऊंनी तिथे बोलणे केले आणि दोन दिवसांनी सकाळी बैलगाडी सांगितली. गाडीतून उतरून आत जाईपर्यंत गोविंदाला माझी गरज होती, म्हणून मलाही गाडीत चढवले. मी संस्थेची वस्तू. मला परत यायचे होते. आवडाबाई दाराशी आल्या नाहीत. आत त्या जात्यावर दळत बसल्या होत्या आणि जाते फार जोरात फिरत होते.

धर्मशाळा म्हणजे एक लांब पडवी होती. ओळीने माणसे बसलेली, काही निजलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हते. तिथला कारभारी भला माणूस होता. त्याने एक कोपरा झाडून दिला.

"राहू दे इथं," तो म्हणाला. "जेवण दुपारी येतं. पण गाडा परत नेणार म्हणता, मग हा विहिरीवर जाणार कसा? इथं ज्याचं त्यानं बघायचं असतं. आमच्याकडे माणूस नाही."

गोविंदा कोपऱ्यात बसला. त्याने गाठोडे सोडले, अंगरखा घडी करून उशाला ठेवला आणि माझ्या दांड्यावरचा हात काढून घेतला.

"भाऊ," तो म्हणाला, "काळूमामाला बोलावून हा गाडा कापून घ्या. रघूच्या उंचीचा करायला सांगा. आणि त्याचा डावा हात वाकडा आहे, तर त्या बाजूची पट्टी थोडी वर घ्यायला हवी."

"बरं," भाऊ म्हणाले.

त्यांनी मला धरले आणि ढकलत बाहेर आणले. त्यांना माझी सवय नव्हती. माझे चाक उंबऱ्याला अडकले, ते त्यांनी वाकून सोडवले. बैलगाडीपर्यंत ते आले आणि थांबले. गाडीवानाने मला उचलायला हात पुढे केला, पण भाऊ मला सोडीनात. मग मला तसेच धरून ते मागे वळले आणि पुन्हा आत गेले.

"गोविंदा, ऊठ," ते म्हणाले. "जेवायला घरी जाऊ."

"पण खाट तर रघूला..."

"पोरांच्या घरी नव्हे. माझ्या घरी."

भाऊंचे घर गावातच, चरई भागात होते. बायको कमळाबाई आणि ते, अशी दोनच माणसे. मुलगा नोकरीसाठी नागपूरला गेलेला. कमळाबाई सोवळ्याच्या कडक. पोरांच्या घरात त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. आम्हांला दारात पाहून त्यांनी पदर नीट केला आणि भाऊंना विचारले, "हा कोण?"

"गोविंदा. आजच्या दिवस जेवायला आहे."

"आणि उद्या?"

भाऊंनी सगळी हकीकत सांगितली. कमळाबाई ऐकत होत्या. त्यांचे लक्ष गोविंदाच्या पायांकडे नव्हते, चेहऱ्याकडे होते.

"म्हणजे वय संपलं म्हणून बाहेर काढलात," त्या म्हणाल्या.

"संस्थेचा नियम आहे."

"असेल. हे घर संस्थेचं नाही." मग त्या गोविंदाला म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत बस. आमच्या मुलाची अभ्यासाची खोली आहे ती. तिथली दौत सांडू नकोस, तेवढं सांभाळ."

त्यांनी त्याला ओटीवर वेगळे पान वाढले. पुढे किती तरी दिवस ते वेगळेच राहिले. मग एकदा पावसात ओटी गळू लागली, तेव्हा पान आत आले आणि ते आतच राहिले.

पण हे मला मागाहून कळले. कारण त्याच दुपारी नियमाप्रमाणे भाऊंनी मला पोरांच्या घरी परत पाठवले. तिथे माझ्या उंचीचे आता कुणीच नव्हते. मला लाकडे ठेवायच्या खोलीत लोटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले वाईट दिवस तेवढेच. एका चाकाला वाळवी लागली. माझ्या दांड्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला स्वतःचे तितके वाटत नव्हते, पण चरईतल्या त्या खोलीत गोविंदा कसा हिंडत असेल, हे सारखे मनात येई. तो हिंडत नव्हताच. खिडकीशी बसून असे आणि त्याचे पाय दिवसेंदिवस आखडत चालले होते.

काळुराम तेव्हा आजारी होता, तो बरा झाल्यावर करवत घेऊन आला. त्याने मला अंगणात आणले, आडवे केले आणि रघूच्या उंचीची खूण केली. करवतीचे दात माझ्या खांबाला लागले तेव्हा आवडाबाई विहिरीवरून आल्या.

"काय चाललंय?"

"गाडा लहान करतोय. भाऊंनी सांगितलाय."

आवडाबाईंनी घागर खाली ठेवली. "तुझ्याकडे दुसरा लाकूड नाय?"

"हाय की. मचव्यातला उरलाय."

"मंग त्याचा कर रघूला. नवीन पोराला नवीन गाडा."

"आन हा?"

"ह्याचं मी बघते." त्यांनी चुंबळ केली, मला उचलून डोक्यावर घेतले आणि त्या निघाल्या. काळुराम करवत हातात घेऊन बघत राहिला. भर बाजारातून, तळ्याच्या काठाने, त्या मला तशाच चरईपर्यंत घेऊन गेल्या. लोक बाजूला होत होते. भाऊ ओटीवरच होते.

"हे काय?" भाऊ म्हणाले. "संस्थेची वस्तू बाहेर आणता येत नाही, आवडाबाई."

"ह्याला कवा बनवला, आठवतंय?"

"फार वर्षं झाली."

"मंग ह्याचं पन वय झालं. नियम हाय ना, तुमीच केलेला. वय झालं की भायेर काढायचा. काढला."

भाऊंना हसू आले. आतून कमळाबाईंचेही हसणे ऐकू आले. आवडाबाईंनी मला खाली ठेवले आणि गोविंदाला हाक मारली. तो सरपटत दाराशी आला. माझा दांडा धरून उभे राहायला त्याला बराच वेळ लागला. कुणी मध्ये पडले नाही. तो उभा राहिला, ओटीवरून रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मावशी, म्हशी चालल्यात तळ्याकडे."

आवडाबाईंनी मान वळवून पाहिले. "हो रे," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसले.

पुढे गोविंदा कमळाबाईंशी खूप बोलू लागला. बोलता बोलता लक्ष्मीचा विषय निघे. "अक्का असती तर ह्या कावळ्याशी बोलली असती," असे तो म्हणे. एकदा कमळाबाईंनी भाऊंना विचारले की ती अक्का आता कुठे असते. भाऊंनी शीळला जे पाहिले होते ते सांगितले. सांगताना ते खाली बघत होते.

कमळाबाई म्हणाल्या, "बैलगाडी कधी सांगता?"

लक्ष्मी आली तेव्हा तिचे केस कापावे लागले. पहिले कित्येक दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसे. कमळाबाई तिला न्हाऊ घालत, जेवू घालत आणि तिच्याशी एकट्याच बोलत. "आज आंबट झालंय वरण," "शेजारणीची सून आली बघ," असले काहीही. एका दुपारी जेवताना गोविंदाचा धक्का लागून ताक सांडले, तेव्हा लक्ष्मी म्हणाली, "ताक सांडलंस." सगळ्यांचे हात थांबले. "पुस ना मग," ती त्याला म्हणाली. त्या दिवसानंतर ती जी बोलायला लागली ती आजवर थांबलेली नाही.

पंचांपैकी एक गृहस्थ चौकशीला आले होते. ओटीवर बसून त्यांनी भाऊंना विचारले, "यांना इथं ठेवून पुढं काय? काही कामधंदा करतील का?"

योगायोगाने आवडाबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जेवतील, बोलतील, हसतील. घरात मानसं आनखी काय करतात?"

ते गृहस्थ काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पण कुठवर ठेवायचं, त्याचा काही तरी नियम हवा."

"आहे की," कमळाबाई आतून म्हणाल्या. "आपलं ताट आपण उचलायचं. ज्याला उचलता येत नाही त्याचं दुसऱ्यानं उचलायचं. आणखी एक सुचला की कळवते."

त्या नियमावर घर अजून चालू आहे. पुढे पंचांनीच शेजारची दोन खोल्यांची जागा मिळवून दिली, आणि पोरांच्या घरातून पंधरा वर्षांचे होऊन जे बाहेर पडतात, ज्यांना जायला ठिकाण नसते, ते आता इथे येतात. पोरांच्या घरातला नियम भाऊंनी मोडला नाही. तिथे खाटा आजही लहानांसाठीच रिकाम्या होतात. फक्त आता ते दार लागते तेव्हा चरईतले दार उघडे असते.

यंदा रघु पंधराचा झाला. काळुरामने केलेल्या त्याच्या गाड्याचेही खांब आता माझ्याएवढे लांब झाले आहेत. त्याची आई डोंबिवलीहून आली ती थेट चरईत. केस पिकले होते तिचे. ती दाराशी उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "बाई, आता माझ्या पोरानं कुठं जायचं, ते इचाराया आले."

कमळाबाई आता वाकून चालतात. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. "आधी हातपाय धुवून घ्या," त्या म्हणाल्या. "तो केव्हाच आलाय. पंगतीला बसलाय. तुमचंच पान वाढायचं राहिलंय."

मित्रांनो, लहान मूल अडखळले तर त्याला हात द्यायला सगळे धावतात. तेच मूल मोठे झाले, ओठावर मिशी आली, आवाज जाड झाला, की ते हात हळूहळू मागे जातात. पायांना मात्र आपले वय कळत नाही. ते कालच्याइतकेच थकतात. तुमच्या आळीत, तुमच्या घरात असे कुणी असेल. त्याचे वय विचारू नका. त्याला जेवायला बसायला जागा करा आणि त्याच्याशी बोला. वरण आंबट झाले आहे, एवढे बोललात तरी पुरे.

आता थांबतो. गोविंदा उन्हे उतरण्याची वाट पाहत उभा आहे, आणि आम्हांला तळ्यावर जायचे आहे.